करंट लावला, तरी गुण का येत नाही? स्टिम्युलेशनमधल्या या चुका टाळा

दिवाळीनंतर नाशिकला थंडी उतरली की माझ्या फिजिओथेरपीच्या टेबलावर येणाऱ्या गुडघ्यांना तेलाचा वास येऊ लागतो. निफाडचा पारा किती खाली गेला याच्या बातम्या पेपरात, आणि इकडे पंचवटीतून रिक्षा करून आलेल्या काकू सांगतात, "मॅडम, घरून चांगलं तेल चोळून आलेय. आता तुम्ही करंट लावा." तेलाच्या थरातून करंट धड जात नाही. जातो तो तेल कमी लागलेल्या दोनचार ठिपक्यांतून, आणि तिथे सुई टोचल्यासारखं होतं. काकू म्हणतात मशीन बिघडलंय. मी साबण आणि टॉवेल पुढे करते.

ही सगळ्यांत साधी चूक. बाकीच्या चुका मात्र धुऊन जात नाहीत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, पॅरालिसिसनंतर किंवा नस दुखावल्यावर महिनाभर रोज मशीन लावूनही फरक नाही अशी तक्रार घेऊन माणसं येतात, तेव्हा मशीन बहुधा ठीक असतं. त्याच्याकडून चुकीचं काम करून घेतलेलं असतं, किंवा बरोबर काम अर्धवट. हे मी घरी भाड्याने मशीन आणणाऱ्या कुटुंबांसाठी लिहितेय, आणि नुकत्या बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीचे पदवीधर, झालेल्या मुलामुलींसाठीही. राज्यातल्या बहुतेक फिजिओथेरपी कॉलेजांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे. त्या परीक्षेत स्ट्रेंग्थ-ड्युरेशनचा आलेख, म्हणजे किती करंट किती वेळ दिला की स्नायू आवळतो त्याचा, सगळे सुबक काढतात. पेशंटच्या नडगीवरचा पॅड दोन बोटं सरकवून बघायला मात्र हात कचरतो.

"करंट" हा शब्द एक, कामं निराळी

सिडकोतले एक आजोबा, गुडघा बदलून दोन महिने झालेले. मुलाने ऑनलाइन छोटं मशीन मागवलं आणि मांडीत ताकद यावी म्हणून सकाळ-संध्याकाळ अर्धा तास लावलं. तीन आठवड्यांनी आजोबा आले तर मांडी तशीच सुकलेली, आणि पाय सरळ उचलायला सांगितला की गुडघा मध्येच वाकतो. मशीन पाहिलं. ते टेन्स होतं, वेदना कमी करण्याचं.

टेन्स संवेदनेच्या नसांना चाळवतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये ८० ते १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला विजेचे तितके स्पंद, एकेक स्पंद ५० ते १०० मायक्रोसेकंदांचा, आणि जाणवतात त्या फक्त मुंग्या. स्नायू हलत नाही, हलायला नकोच असतो. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली वेदनेच्या फाटकाची कल्पना मांडली: स्पर्शाच्या जाड नसांवरून पुरेशी वर्दळ आली की मज्जारज्जूतलं फाटक वेदनेच्या निरोपासाठी अर्धवट मिटतं. दुखऱ्या जागी आपण आपसूक हात चोळतो, ते याच कारणाने. टेन्स म्हणजे तेच चोळणं, विजेने.

स्नायू आवळायचा असेल तर दुसरं सेटिंग लागतं. त्याला आम्ही एनएमईएस म्हणतो, बोलताना नुसतं "स्टिम". ३५ ते ५० हर्ट्झ, स्पंद २०० ते ४०० मायक्रोसेकंदांचा, काही सेकंद चालू आणि त्याहून बराच जास्त वेळ बंद. हल्लीच्या बऱ्याच डब्यांत टेन्स आणि स्टिम दोन्ही असतात, एका बटणाच्या अंतरावर, आणि दोन्हींचे पॅडही सारखेच दिसतात. म्हणून मशीन सुरू करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: मला दुखणं कमी करायचंय की स्नायू जागा करायचाय? उत्तर "दोन्ही" असेल तर दोन वेगळ्या बैठका, दोन वेगळी सेटिंग.

झोपून करंट घेणं

मला एकच चूक निवडायला सांगितली तर मी ही निवडेन.

पेशंट पलंगावर पडलेला, पॅड मांडीला, टीव्हीवर मालिका, पंधरा मिनिटांनी टिंग वाजलं की पॅड काढले. मांडीत हलकी थरथर झाली, तेवढ्यावर समाधान. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, बंद पडल्यासारखा होतो. तो कापलेला नसतो आणि नसही शाबूत असते. पण सुजलेल्या सांध्याकडून येणाऱ्या निरोपांमुळे मज्जारज्जू त्याला पूर्ण हुकूमच देत नाही. स्टिमचा उपयोग इथे आहे, कारण ते तो अडवलेला हुकूम बाहेरून पोचवतं. पण थरथर म्हणजे हुकूम नव्हे. स्नायू ठसठशीत आवळला पाहिजे, गुडघ्याची वाटी मांडीकडे सरकलेली डोळ्यांना दिसली पाहिजे, आणि त्याच क्षणी पेशंटने स्वतःही पाय ताठ करण्याचा जोर लावला पाहिजे. नुसता करंट किंवा नुसता जोर, यापेक्षा दोन्ही एका वेळी लागतात तेव्हा मेंदू पुन्हा शिकतो की हा स्नायू आपलाच आहे.

मी आजोबांना सांगितलं, "करंट चढायला लागला की तुम्ही पण ढकलायचं. मशीन एकटं ढकलत असेल तर बंद करून टाका."

ते म्हणाले, "मग मशीनचा काय उपयोग? मीच ढकलायचं असेल तर?"

प्रश्न बरोबर होता. पहिल्या दिवशी त्यांना नुसत्या जोरावर वाटी हलवता येत नव्हती, करंटबरोबर हलली. दहा सेकंद चालू, पन्नास सेकंद बंद, असे दहा ठोके. पन्नास सेकंदांची विश्रांती बघून घरचे अस्वस्थ होतात, त्यांना वाटतं वेळ फुकट चालला. पण विजेने आवळलेला स्नायू स्वतः आवळलेल्या स्नायूपेक्षा फार लवकर दमतो. आपण स्वतः आवळतो तेव्हा शरीर तंतूंच्या पाळ्या लावतं, काही काम करतात, काही थांबतात. करंट तेच ते तंतू एकदम, पुन्हा पुन्हा, पाळीशिवाय राबवतो. विश्रांती कापली तर पाचव्या ठोक्यालाच आवळणं निम्म्यावर येतं आणि उरलेला वेळ मशीन थकलेल्या स्नायूला गुदगुल्या करत बसतं.

किती करंट? ताकदीसाठी लावताना सोसवेल तितका, आणि दर दोनतीन ठोक्यांनी थोडा वर. इथे दोन टोकं दिसतात. एक, भीतीने कायम हलकाच ठेवणारे. दुसरे, "अजून वाढवा मॅडम, काही होत नाही मला" म्हणत दात आवळणारे. यात पुरुष मंडळी जास्त, का ते सांगायला नको. वेदनेने पेशंट श्वास रोखून दुसरेच स्नायू ताठ करत असेल तर त्या दिवसापुरतं ते जास्त झालं. सोसायची सवय चारपाच बैठकांत वाढते.

पॅड दोन बोटं चुकला तर

पॅरालिसिसच्या पेशंटचं मनगट खाली लोंबतं आणि बोटं मुठीत वळतात. घरी मुलगी किंवा सून स्टिम लावते, आणि फोन येतो: "मॅडम, करंट लावला की मूठ आणखीच घट्ट होते." म्हणजे करंट मनगट उचलणाऱ्या स्नायूंऐवजी मूठ वळणाऱ्या स्नायूंपर्यंत चाललाय. आधी पॅड कुठल्या बाजूला आहे ते बघा. हात टेबलावर पालथा ठेवायचा. कोपराच्या बाहेरच्या हाडापासून तीनचार बोटं खाली, हाताच्या पाठीकडच्या मांसल भागावर एक पॅड, आणि दुसरा त्याच बाजूला मनगटाच्या दिशेने. पॅड मोठे असतील तर कडा वळून पुढच्या बाजूला जातात, म्हणून लहान पॅड घ्या. तरीही मूठ वळत असेल तर करंट एक पायरी कमी करून पॅड अर्धा बोट सरकवा, पुन्हा बघा. मनगट उचललं जातंय पण अंगठ्याच्या बाजूला तिरकं, तर पॅड करंगळीच्या बाजूला थोडा सरकवा.

पाय फरफटत असेल, पंजा उचलला जात नसेल, तिथे पहिला पॅड गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकामागे बसतो. तिथून नस अगदी कातडीखालून जाते. दुसरा नडगीच्या बाहेरच्या कडेला, मांसल भागावर. पंजा वर आला आणि सरळ राहिला तर उत्तम. बाहेर जास्त वळतोय तर वरचा पॅड नडगीच्या मांसल भागाकडे आणा. आत वळतोय तर हाडाच्या टोकाकडे न्या. चालताना नेमक्या क्षणी पंजा उचलून देण्यासाठी ही नस विजेने चाळवण्याचा प्रयोग लिबरसन आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केला, टाचेखाली एक बटण ठेवून. टाच उचलली की करंट, टेकली की बंद. आजची महागडी उपकरणंही मुळात हेच करतात, फक्त पाऊल ओळखण्याची पद्धत बदलली.

स्नायूवर एक जागा अशी असते की कमीत कमी करंटला तो सगळ्यात छान आवळतो. त्याला मोटर पॉइंट म्हणतात. पुस्तकातल्या चित्रात त्याचा ठिपका असतो, पण प्रत्येकाच्या अंगावर तो थोडा इकडेतिकडे. तो शोधायलाच हवा, करंट कमी ठेवून आणि पॅड सरकवत. सापडला की बॉलपेनने कातडीवर खूण करा, मोबाइलवर फोटो काढा. माझ्या एका पेशंटच्या सुनेने मेंदीने खुणा केल्या होत्या, आठवडाभर टिकल्या. मला ही युक्ती सुचली नव्हती.

आणखी दोन गोष्टी. पॅड एकमेकांना चिकटवून लावले तर करंट वरच्यावर कातडीतूनच जातो. खोल स्नायूसाठी ते लांब हवेत. आणि काळी-लाल वायर अदलाबदल करून बघा. बऱ्याच मशीनमध्ये ऋण टोकाखाली, म्हणजे बहुधा काळ्या वायरखाली, स्नायू लवकर आवळतो. मोटर पॉइंटवर ती असली की तेवढ्याच करंटमध्ये जास्त काम होतं.

ताठरपणा असलेल्या हातापायाला करंट एकदम चढला की स्नायू झटका खाऊन उलट आवळतो. मशीनमध्ये "रॅम्प" नावाचं सेटिंग असतं, करंट किती वेळात चढवायचा ते. ते दोनतीन सेकंदांवर ठेवा.

खांद्याचं थोडक्यात. पॅरालिसिसनंतर खांदा निखळल्यासारखा खाली येतो, तिथे खांद्याच्या वरच्या आणि मागच्या स्नायूंना स्टिम देतात. पॅड मानेकडे फार सरकला तर खांदा कानाकडे उचलला जातो आणि सगळ्यांना वाटतं छान हालचाल होतेय. खांद्याच्या खोबणीत बोट ठेवून अंतर कमी होतंय का ते बघितल्याशिवाय ते छान नाही.

नसच तुटली असेल तर

दुचाकीच्या अपघातात दंडाचं हाड मोडलं, त्याबरोबर रेडियल नस दुखावली, मनगट पडलं. प्लास्टर निघालं की पेशंट येतो आणि कुठेतरी त्याला फॅराडिक नावाचं करंट लावलेलं असतं, महिनाभर, काहीही न हलता. "करंट पोचतच नाही" असं त्याला सांगितलेलं असतं. करंट पोचतो. पण फॅराडिकचे स्पंद फार तोकडे, मिलिसेकंद किंवा त्याहून कमी. ते नसेला चाळवतात आणि नस स्नायूला. नसेचा धागाच तुटलाय तर स्नायूला थेट चाळवावं लागतं, आणि त्याला लांब स्पंद लागतो: दहा मिलिसेकंदांच्या वर, बऱ्याचदा शंभर, हळू चढणारा त्रिकोणी. हेच ते "आयजी", इंटरप्टेड गॅल्व्हॅनिक. १८३१ साली फॅराडेने शोधलेल्या प्रवर्तनावरून एकाचं नाव, बेडकाच्या तंगड्या फडफडवणाऱ्या गॅल्व्हानीवरून दुसऱ्याचं. इंटर्नना मी ही दोन नावं अशीच लक्षात ठेवायला सांगते: फॅराडिक जिवंत नसेसाठी, गॅल्व्हॅनिक अनाथ स्नायूसाठी.

पण आयजी रोज लावल्याने नस लवकर जुळेल अशी आशा देऊ नका. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. दंडाच्या मध्यापासून मनगट उचलणाऱ्या स्नायूंपर्यंत किती अंतर आहे ते टेपने मोजून दाखवलं की महिन्यांचा हिशोब पेशंटला स्वतःलाच कळतो. तोवर स्नायू किती टिकतो यावर आमच्या व्यवसायात मतभेद आहेत. मनगटाला आधाराची पट्टी बांधणं आणि बोटांचे सांधे रोज पूर्ण फिरवणं यावर मतभेद नाहीत, आणि नेमकं तेच घरी राहून जातं.

चेहऱ्याच्या लकव्याचंही इथेच सांगते. पहाटेच्या थंडीत गाडी चालवली, वारं लागलं, तोंड वाकडं झालं, आणि माणूस थेट "करंट घ्यायला" येतो. आधी डॉक्टर. स्टेरॉइडचा फायदा पहिल्या ७२ तासांत सुरू केलं तरच नीट मिळतो, शिवाय मेंदूतला झटका तर नाही ना हे बघणं आलंच. बेल्स पाल्सी असेल तर सुमारे ७० टक्के लोक काही न करताही पूर्ण बरे होतात. म्हणूनच चेहऱ्याच्या करंटला फुकटचं श्रेय मिळत आलंय. जोरदार करंट रोज चेहऱ्यावर मारू नये. बरा होताना डोळा मिटला की ओठ ओढला जाणं असली गुंतागुंत वाढण्याची भीती त्यात असते. आरशासमोरचा हलका व्यायाम आणि डोळ्याची काळजी आधी.

चार पॅडचं मशीन

नाशिकमध्ये क्वचितच एखादं क्लिनिक असेल जिथे आयएफटी, म्हणजे दुखण्यावरचं इंटरफेरेन्शियल करंटचं मशीन, नाही. कंबर, मान, गुडघा, लाव आयएफटी. त्यात एक चॅनेल, म्हणजे पॅडची एक जोडी, ४००० हर्ट्झचा, दुसरा समजा ४१०० चा. दोन्ही एकमेकांना छेदतात तिथे फरकाचा, म्हणजे १०० हर्ट्झचा ठोका तयार होतो. छेदलेच नाहीत तर ठोका नाही. तरी एका चॅनेलचे दोन्ही पॅड डावीकडे आणि दुसऱ्याचे दोन्ही उजवीकडे लावलेले मी कितीदा तरी पाहिलेत. एकाच चॅनेलचे पॅड तिरके समोरासमोर हवेत, दुखरी जागा फुलीच्या मध्यावर. वायरींचे रंग त्यासाठीच दिलेले असतात. सक्शनचे वाटी-पॅड असतील तर ओढ कमी ठेवा. म्हाताऱ्या कातडीवर काळेनिळे गोल उठतात आणि घरचे विचारतात हे काय केलंत.

दुखणं गेलं आणि बागेत गेले

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडून खांदे आणि माना येतात. विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), दिवसभर मांडवाखाली हात वर. एका दादांना टेन्सने छान आराम पडला. चौथ्या दिवशी ते मशीन खिशात ठेवून, पॅड खांद्याला लावूनच विरळणीला गेले. दुखणं दबलं म्हणून रोजच्यापेक्षा दोन ओळी जास्त केल्या. रात्री हात उचलेना.

टेन्सचा आराम बराचसा मशीन चालू असेपर्यंतचा आणि नंतर थोडा वेळ. तो वेळ खांद्याच्या व्यायामासाठी वापरायचा, जास्त कामासाठी नाही. पॅड लावून दुचाकी किंवा ट्रॅक्टर चालवू नये, फवारणीचं यंत्र हाताळू नये, झोपू नये. आणि दहा मिनिटांत मुंग्या कमी वाटायला लागल्या तर बॅटरी संपली असं समजू नका. शरीराला सवय होते. थोडं वाढवा, किंवा वारंवारता आपोआप बदलत राहणारं सेटिंग असेल तर ते लावा.

काही जाणवतच नाही, किंवा टोचतंय

फोनवर सगळ्यात जास्त विचारलं जाणारं हेच. काही जाणवत नसेल तर आधी आकडा शून्यावर आणा. हे पहिलं, कारण वायर हलवताना जोडणी अचानक लागली तर चढवून ठेवलेला सगळा करंट एकदम बसतो. मग बॅटरी. मग वायर: पॅडजवळच्या पिनपाशी ती आतून तुटते, बाहेरून दिसत नाही, दुसऱ्या चॅनेलची वायर लावून बघा. मग पॅड: चिकटपणा गेलेला, कोरडा, केस चिकटलेला. स्वतःच्या हाताला लावून मुंग्या येतात का बघा. तुम्हाला येतात आणि पेशंटला येत नाहीत, तर मशीन शाबूत आहे आणि प्रश्न संवेदनेचा आहे. तिथे करंट वाढवत नेऊ नका, फोन करा. नाशिकमध्ये काय नि कुठे काय, मधुमेही पाय भरपूर. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी कापूस आणि टाचणी, गार आणि कोमट पाण्याच्या नळ्या, एवढी परीक्षा झालीच पाहिजे. पाच मिनिटं लागतात आणि ती नेहमी वाचवली जातात.

टोचत असेल तर बहुधा पॅडची कड उचललेली असते. बरीच मशीन ठरलेला करंट रेटतातच. जागा निम्मी झाली की त्या जागेवरचा मारा दुप्पट होतो. कोरडी कातडी हे दुसरं कारण. थंडीत कोमट पाण्याने पुसून घ्या. बाम, मलम लावलेल्या जागी पॅड नको; आधीच झोंबणाऱ्या कातडीवर ते भाजल्यासारखं करतं. केस जास्त असतील तर कात्रीने बारीक करा, ताज्या ब्लेडने नको.

पॅडखालची लाली थोड्या वेळात जात असेल तर चालतं. ठिपके, फोड, खाज, दुसऱ्या दिवशीही राहिलेला डाग, यातलं काही असेल तर त्या जागी बंद.

सुरुवातीला छान आवळतं आणि चारपाच मिनिटांत ढिलं पडतं? विश्रांतीचा वेळ वाढवा, हर्ट्झ थोडे कमी करा.

प्लेटची भीती आणि नको तिथला बिनधास्तपणा

"मॅडम, पायात रॉड आहे, करंट चालेल ना?" टेन्स, स्टिम, आयएफटी हे चालतं. धातूची खरी अडचण शॉर्टवेव्ह डायथर्मी या खोल शेकाच्या मशीनला आहे, तिथे धातू तापतो. अखंड गॅल्व्हॅनिक करंटही धातूच्या जागी टाळावा. लोक सगळंच एका माळेत ओवतात. उलट ज्याला खरोखर घाबरायचं ते कोणी सांगत नाही: छातीत पेसमेकर. ते विचारावंच लागतं, कारण बऱ्याच आजींना वाटतं, गुडघ्याच्या मशीनचा छातीशी काय संबंध.

गळ्याच्या पुढच्या बाजूला पॅड नाही. छातीवर आरपार नाही. गरोदरपणात पोट, कंबर, ओटीपोटाला नाही. कॅन्सरच्या गाठीवर नाही. फिट येणाऱ्यांच्या मानेला, डोक्याला नाही. एक पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी असेल तर तिला करंटही नाही आणि मालिशही नाही. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, आधी डॉक्टरांकडे. आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून प्रेसमध्ये हात जाऊन स्नायुबंध शिवलेले तरुण येतात, त्यांनी बोटं लवकर हलावीत म्हणून घाई करू नये. करंटने स्नायू ओढला की ताजा टाका तुटू शकतो. सर्जनने परवानगी दिल्याशिवाय स्टिम नाही.

वीज गेली तेव्हा

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. जुनं, गोल बटणांचं मशीन. काकूंच्या मांडीला पॅड, करंट बऱ्यापैकी चढवलेला. वीज गेली. मी म्हटलं, बसा, येईल, आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले. बटण होतं तिथेच राहिलं. दहा मिनिटांनी वीज आली ती थेट त्या आकड्यावर. काकू टेबलावरून जवळजवळ उठून बसल्या. काही इजा झाली नाही, पण त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. नवीन मशीन सुरू होताना शून्यावर येतात. जुनी सगळीच येत नाहीत. वीज गेली की आधी बटण शून्यावर, मग पॅड काढणं, मग गप्पा. भिंतीवरच्या वीजेवर चालणाऱ्या मशीनला तीन पिनांचा, अर्थिंग असलेलाच सॉकेट हवा. तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेली मी पाहिलीय. बॅटरीचं मशीन चार्जिंगला लावून अंगाला लावू नका.

फाइलवरची एक ओळ

क्लिनिकच्या फाइलवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं: "स्टिम, १५ मिनिटं." पेशंट दुसऱ्या गावी गेला किंवा माझी सुट्टी असली तर पुढच्याने काय करायचं? हर्ट्झ, स्पंदाची रुंदी, चालू-बंद वेळ, पॅडची जागा, किती आकड्याला स्नायू आवळला, एवढं लिहायला एक ओळ पुरते. आवळण्यासाठी लागणारा आकडा आठवड्यागणिक खाली येतोय का, हे त्या ओळींतूनच कळतं. सिडकोतल्या आजोबांचा सहा आठवड्यांत निम्म्यावर आला. नंतर पॅड न लावता पाय ताठ उचलला गेला, त्या दिवशी मी मशीन बंद केलं. ते थोडे नाराज झाले, कारण स्टिमच्या मशीनचं भाडं पूर्ण महिन्याचं भरलं होतं.

भाड्याच्या मशीनबद्दल शेवटचं. आधीच्या पेशंटचे पॅड घेऊ नका, मशीनवाला कितीही "धुतलेत" म्हणाला तरी. स्वतःचे नवीन घ्या, वापरून झाल्यावर चिकट बाजूला पाण्याचा एक थेंब बोटाने फिरवून ज्या प्लास्टिकवरून काढले त्यावरच चिकटवा, पिशवी बंद करा. एक जोडी साधारण वीसेक वेळा चालते. मशीन परत करताना वायर मोजून द्या, आणि पॅड मात्र कचऱ्यात.